वांगी रंगाच्या साडीचा पुरावा

१८ नोव्हेंबर

काल परभणीला श्रद्धाचा साखरपुडा झाला. मुलगा बरा आहे, जेवण बरं होतं, आणि माझा अपमान झाला.

श्रद्धा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, माधवची, एकुलती मुलगी. पुण्यात संगणकाची नोकरी करते. शाळेला सुट्टी लागली की ती इथे जिंतूरला माझ्याकडे यायची. तिचं इंग्रजी मी घडवलं. तिच्या आईने, म्हणजे आमच्या राजेश्रीने, वरण-भात केला. दोन्ही गोष्टी लागतात, मी नाही म्हणत नाही.

साखरपुडा आटोपल्यावर राजेश्रीने मला कुंकू लावून साडी दिली आणि वाकून नमस्कार केला. मी पिशवी तशीच घरी आणली. आज सकाळी उघडली. वांगी रंगाची नारायणपेठ, मोहरी रंगाचा काठ.

ही साडी मी ओळखते. ही मीच विकत घेतलेली आहे. माधवने परभणीला घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला, हैदराबादहून. मामाकडे राहून मी तिथल्या कॉन्व्हेंटात शिकले, त्यामुळे तिथली दुकानं मला ठाऊक. टेलिफोन खात्यातून बढतीचा फरक मिळाला होता. भावजयीला म्हणून हौसेने घेतली आणि स्वतःच्या हाताने दिली. राजेश्री ती एकदाही नेसली नाही. दिवाळीला नाही, श्रद्धाच्या बारशाला नाही, मंगळागौरीला नाही. प्रत्येक कार्यात मी आधी तिच्या अंगाकडे बघायची. पंचवीस वर्षं वाट पाहिल्यावर ती साडी दिसली ती माझ्याच पिशवीत.

कुणी म्हणेल, तशीच दुसरी असेल. मी मूर्ख नाही. साडी देताना आपल्याकडे तिच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतात. नव्या साडीला एक ठिपका असतो. हिच्या कोपऱ्याला गोवर आल्यासारखे ठिपके आहेत. म्हणजे ही किती घरं हिंडून आली, आणि प्रत्येक घरातल्या बाईने घडी न मोडता, कुंकू लावून, पुढे ढकलली.

१९ नोव्हेंबर

परभणीला फोन केला. राजेश्री म्हणाली, "नवीच आहे हो वन्सं. कुणी नेसलेली नाही ती."

"राजेश्री, मी या वयात खोटं ऐकायला फोन करत नाही."

"वन्सं, माझं ऐका तरी..."

मी म्हटलं, माधवला दे. माधवने शिक्षक असूनही आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही, त्यामुळे त्याच्या वर्गात काय चालत असेल याची मला कल्पना आहे. तो म्हणाला, "अक्का, पंचवीस वर्षांपूर्वीची साडी तुला कशी ओळखू येईल? काही पुरावा आहे का?"

"पुरावा हवाय? देते. आणि तुझ्या बायकोने तो बघून कबूल केल्याशिवाय मी तुझ्या दाराची पायरी चढणार नाही. लग्नालाही नाही."

मग फोन ठेवला. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, फोन कसा आपटावा हे मला कुणी शिकवायला नको. पण मोबाइल आपटता येत नाही. नुसतं तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवायचं. त्यात काहीच समाधान नाही.

बारा डिसेंबरला लग्न आहे.

२२ नोव्हेंबर

पुरावा सापडला. निदान तो कुठे आहे ते सापडलं. वास्तुशांतीचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं आणि त्याची कॅसेट माझ्या कपाटात आहे. मी साडी देते आहे आणि राजेश्री घेते आहे, एवढं एक चित्र त्यातून थिजवून काढायचं, कागदावर मोठं करून छापायचं आणि तिच्यासमोर ठेवायचं. साडी आणि चित्र, शेजारी शेजारी.

शूटिंग दत्तरावांनी केलं होतं. आमच्या दोन गल्ल्या सोडून राहतात. एके काळी जिंतुरात यांच्याशिवाय कुणाचं लग्न लागायचं नाही. मोबाइल आले आणि दुकान बंद झालं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी. त्यांच्याकडे अजून व्हीसीआर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

मी दारात उभी राहून काम सांगितलं. बसायला सांगतील म्हणून वाट पाहिली, पण ते नुसते बघत राहिले. शेवटी मीच बसले.

कॅसेट लावली, टीव्हीवर चित्र आलं. मी मोबाइलने टीव्हीचाच फोटो काढला. त्यात आडव्या पट्ट्या आल्या आणि काचेत माझा चष्मा आला.

"तसं न्हाई निघणार मॅडम," दत्तराव म्हणाले. "व्हीसीआर काम्प्युटरला जोडावा लागतो. मदी एक डोंगल बसवायचं. मग काम्प्युटरमदी एकेक चित्र धरता येतंय."

"ते कुठे मिळतं?"

"माझ्याकडं हाय की. जुन्या कॅसेटी काम्प्युटरवर घेऊन देतो म्हणून बोर्ड लावला होता. कुणी आलंच न्हाई. डबा फोडला सुदीक न्हाई."

उद्योग करायचा तर लोकांना सांगावं लागतं, घरात बसून डबे जपायचे नसतात. हे मी त्यांना सांगितलं. ते "खरंय" म्हणाले.

२४ नोव्हेंबर

दत्तराव सकाळीच व्हीसीआर घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट होता. मी म्हटलं, कुठे कार्याला निघालात का? म्हणाले, न्हाई, इकडंच आलो.

श्रद्धाने मला दिलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला. व्हीसीआरमधून पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी निघतात, त्या डोंगलमध्ये जातात आणि डोंगल लॅपटॉपमध्ये. सॉफ्टवेअर उघडलं. चित्रासाठी एक चौकट आली आणि खाली "कॅप्चर" असं बटण. दत्तरावांनी व्हीसीआर सुरू केला, मी बटण दाबलं.

चौकटीत एक म्हातारी आली. कपाळाला आठ्या, तोंड उघडं. तिच्या खांद्यामागे अर्धे दत्तराव.

"हे काय? हे वास्तुशांतीला नव्हतं!"

"मॅडम, ह्यो आपलाच फोटो हाय. आत्ताचा. लॅपटॉपला वर बारीक कॅमेरा असतो, त्यानं काढला."

म्हणजे व्हीसीआर बिचारा तिकडे कॅसेट फिरवतो आहे आणि सॉफ्टवेअर इकडे माझं तोंड बघत बसलं आहे. त्याला स्पष्ट सांगावं लागतं की कुठल्या उपकरणाकडे बघायचं. तशी एक यादी असते, तिच्यातून निवडायचं. ती सापडेपर्यंत माझे बरेच फोटो निघाले, प्रत्येकात आठ्या वाढलेल्या. मी म्हटलं सगळे पुसा. दत्तराव म्हणाले, पुसतो.

उपकरण बदललं. काळं. मग निळं. मग पुन्हा काळं. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. माणूस दारात आला आहे म्हटल्यावर जेवायला वाढावंच लागतं. मेथी होती. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, लय दिवसांनी गरम खाल्ली.

२६ नोव्हेंबर

चित्र आलं, पण काळं-पांढरं. वांगी साडी राखाडी, मोहरी काठ राखाडी, राजेश्री राखाडी. सगळ्या बायकांच्या सगळ्या साड्या राखाडी. अशा पुराव्यावर माधवसुद्धा हसेल.

निरुपाय होऊन श्रद्धाला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, सेटिंगमध्ये NTSC, म्हणजे अमेरिकेची पद्धत असेल, ते PAL कर. आपल्याकडच्या कॅसेटी PAL असतात."

केलं. रंग आले. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या की नेमका प्रश्न विचारला की अर्धं उत्तर मिळतं. पण मुलीने पुढचा नेमका प्रश्न मला विचारला. "कशासाठी काढतेयस गं जुने फोटो?"

मी म्हटलं, "जुन्या आठवणी."

"माझ्या लग्नासाठी?" तिचा आवाज एकदम बदलला. "आत्या! आई म्हणत होती तू रागावली आहेस, येणार नाहीस. मी म्हटलं शक्यच नाही. तू नसलीस तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही, सांगून ठेवलंय मी सगळ्यांना."

मी खोटं बोलले नाही. आठवणीच आहेत त्या. कुणाविरुद्ध वापरायच्या हे तिने विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर

आज अहेराचा भाग आला. दारात रांगोळी, होम, भटजी, मग मी पिशवी घेऊन पुढे येते. राजेश्री समोर बसलेली. मी पिशवीत हात घालते, साडी बाहेर निघते, आणि त्याच क्षणी पडद्यावर बदामाच्या आकाराचं भोक पडून त्यातून गुलाबाचं फूल फिरत बाहेर येतं. फूल जातं तेव्हा लोक जेवायला बसलेले असतात.

"दत्तराव, हे काय आहे?"

"इफेक्ट. तवा लय चालायचे."

"कुणी सांगितलं होतं अहेरावर फूल फिरवायला?"

"लोकं म्हणायची, देणंघेणं नका दाखवू, भांडणं व्हतेत."

पंचवीस वर्षांपूर्वीच्या लोकांना एवढी अक्कल होती, याचं मला वाईट वाटलं. मी लॅपटॉप मिटला. आता पुरावा संपला, लग्न गेलं, असंच वाटलं. तेव्हा दत्तराव खाली बघत म्हणाले, "मॅडम, ही घरी द्यायची कॅसेट. मास्टर येगळी असती. सगळं शूटिंग तिच्यात असतंय, फुलं न्हाई काय न्हाई."

"ती कुठे आहे?"

"माझ्याकडं. लोकांच्या मास्टर पुसून त्याच्यावरच दुसरी लग्नं काढली मी. कॅसेटी महाग होत्या. ही तेवढी ऱ्हायली."

पाव शतक एक कॅसेट पुसायची राहते! असा आळशी माणूस धंद्यात टिकेलच कसा? पण आज त्यांचा आळस माझ्या कामाला आला, म्हणून मी बोलले नाही.

२ डिसेंबर

मास्टर कॅसेटला पांढरी बुरशी होती. दत्तरावांनी स्पिरिटने पुसून सुरू केली. आणि आता ज्या माणसाच्या कामाबद्दल मी आजवर एक शब्द काढला नव्हता, त्याच्या कामाबद्दल लिहिते.

घरभरणीचं शूटिंग म्हणजे घर दिसायला हवं. यजमान दिसायला हवेत. या कॅसेटमध्ये मी आहे. होम चालू आहे आणि कॅमेरा होमावरून सरकत माझ्यावर येऊन थांबतो. माधव पूजेला बसला आहे, कॅमेरा त्याला जरा दाखवतो आणि मी द्रोण मोजते आहे ते बराच वेळ दाखवतो. मी आचाऱ्याला झापते आहे, ते पूर्ण. मी एका पोराच्या नाकाला रुमाल लावते आहे, ते पूर्ण. मी खिडकीशी नुसती उभी आहे, काहीही करत नाही, तेही पूर्ण!

"दत्तराव, हे काय शूटिंग आहे? तुमचा कॅमेरा अडकला होता का?"

"स्टँड ढिला होता मॅडम. एकीकडं वळायचा."

"मग दुरुस्त करायचा ना!"

"करायचा राहून गेला."

कडूबाई भांडी घासून हात पुसत मागे येऊन उभी राहिली. माझ्याकडे कामाला येऊन तिला इतकी वर्षं झाली की तिला माझ्या घरात मत आहे असं वाटतं. ती म्हणाली, "बाई, ह्या पिच्चरमदी जिकडं तिकडं तुमीच कशा काय?"

"स्टँड ढिला होता."

कडूबाईने दत्तरावांकडे पाहिलं. दत्तराव वायर बघत होते. "आस्सं," ती म्हणाली. "लय दिवस ढिला ऱ्हायला म्हणायचं." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. काय हसण्यासारखं होतं कोण जाणे. यांत्रिक बिघाड आहे.

चित्रं थिजवताना आणखी एक अडचण. थिजलेल्या चित्रात जो माणूस हलत असतो तो फाटतो. कंगव्यातून ओढून काढल्यासारख्या त्याच्या कडा दातेरी दिसतात. जो स्थिर असतो तो स्वच्छ येतो. दत्तराव म्हणाले की कॅसेटमधलं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं विणलेलं असतं, मधल्या वेळात माणूस हलला की दोन्ही अर्धी जुळत नाहीत. यावर उपाय श्रद्धाला विचारून उद्या करू. तोवर माझा हात, साडी, पिशवी, सगळं दातेरी.

५ डिसेंबर

आज मिळालं. कसं लिहावं कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

श्रद्धा म्हणाली होती की हात थांबतो ते नेमकं चित्र शोधायचं, म्हणून तो भाग आधी पूर्ण लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि मग दत्तराव एकेक चित्र पुढे सरकवत गेले. मी साडी काढते. वांगी रंग, मोहरी काठ, स्वच्छ. मी कोपऱ्याला कुंकू लावते. राजेश्रीच्या हातात देते. मी ओरडले, "हेच! हेच धरा!" दत्तरावांनी धरलं. पुरावा झाला.

मी म्हटलं, बस. ते म्हणाले, "पुढं बी बघू की, एखांदं चांगलं सापडंल." मला घाई नव्हती, लोणी कढत होतं.

पुढच्या चित्रांत राजेश्रीने पदराचं टोक उलगडलं आहे. बोटांत धरून बघते आहे. मग ते गालाला लावते. तेव्हा तिला या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. मी तिला असं हसताना कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मग तो ढिला स्टँड. कॅमेरा वळून माझ्यावर येतो. मी पिशवीची घडी घालते आहे. मी दत्तरावांना म्हणणार होते की थांबा आता, एवढ्यात डाव्या कडेला राजेश्री अर्धी दिसली. मांडीवर साडी. पुढच्या चित्रात वरून एक हात आला. हात फाटलेला, दातेरी, कारण तो भराभर हलत होता. पण मनगटावरची पाटली ओळखू आली. ती पाटली या घटकेला माझ्या हातात आहे. आई गेल्यावर माझ्याकडे आली.

पुढच्या चित्रात मांडी रिकामी.

राजेश्रीचा चेहरा मात्र एकाही चित्रात फाटलेला नाही. ती हललीच नव्हती.

पाटली पाहून आईचं बोलणं कानात आलं. "नव्या सुनेला एवढी भारी कशाला? ठेव कपाटात, देण्याघेण्याला होईल." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या घरात वाक्य म्हणून त्याची कुणी दखलही घेत नसे. किल्ली आईकडे असायची.

दत्तरावांनी चित्र जपून ठेवलं आणि व्हीसीआर बंद केला. मी आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. तिथेही ती माझ्याकडे बघत नाही, फोटोवाल्याकडे बघते. हार घातलेल्या माणसाशी भांडता येत नाही. माझा एवढा चांगला राग, तो कुठे न्यायचा?

७ डिसेंबर

दोन दिवस विचार केला आणि अशा निष्कर्षाला आले की चूक तरीही राजेश्रीचीच. तिला तोंड नव्हतं? मला सांगायचं होतं.

मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? या वहीत लिहिलं असतं की सून घरात आली नाही तोच सासूच्या कागाळ्या करते.

मग वाटलं, बरं, ते सोडा. पण आता साखरपुड्याला ती साडी मला का दिली? याचं उत्तर चित्रात नाही. आणि "नवीच आहे, कुणी नेसलेली नाही" असं ती म्हणाली, ते खोटं नव्हतं. अगदी शब्दशः खरं होतं. मला खरं बोलणाऱ्या माणसाचा राग यावा हे चांगलं लक्षण नाही.

श्रद्धाचा मेसेज आला: "आत्या हळदीला ये ना ग please." मी दिवसभर उत्तर दिलं नाही. संध्याकाळी दत्तराव छापलेले फोटो घेऊन आले. मी त्यांना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, "मी काय सांगू मॅडम. मला तर बोलायचं ते कवाच बोलता येत न्हाई." मी म्हटलं, म्हणूनच धंदा बुडाला.

श्रद्धाला उत्तर पाठवलं: "येते. And 'please' takes a comma before it."

१३ डिसेंबर

लग्न झालं. काल रात्री परत आले. लग्नाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, लग्नासारखं लग्न झालं. लिहायचं आहे ते परवाचं, हळदीच्या दिवसाचं.

सकाळच्या एसटीने निघाले. माधवने दत्तरावांनाही बोलावलं होतं, तेही त्याच गाडीत. त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली आणि परभणी येईपर्यंत खाली ठेवली नाही. म्हटलं, त्यात फक्त साडी आहे. म्हणाले, ठाऊक हाय.

राजेश्री मागच्या खोलीत अहेराच्या साड्या लावत बसली होती. मला बघून उठून उभी राहिली. मी दार लोटलं आणि फोटो तिच्यासमोर ठेवला. मांडीवर साडी, आणि वरून येणारा हात.

तिने फोटोतल्या पाटलीवर बोट ठेवलं. "सासूबाई," ती म्हणाली.

"सांगायचं नाहीस मला?"

"काय सांगू वन्सं? तुमच्या आईचं तुमच्याजवळ?"

"आणि साखरपुड्याला मला का दिलीस?"

ती पुन्हा खाली बसली. "गेल्या उन्हाळ्यात पालमला आपल्या नात्यातल्या कमलबाईंच्या नातवाची मुंज होती. तिथं माझ्या हातात आली. बघितल्या बघितल्या ओळखली. घरी आणून आरशासमोर खांद्यावर टाकली. मग वाटलं, ही आता माझी कुठं राहिलीय? माझी असती तर गेली कशाला असती? ज्यांनी हौसेने आणली त्यांच्याकडे तरी जाऊ दे. मला वाटलं तुम्ही ओळखाल आणि खूष व्हाल."

"ओळखली. खूष झाले नाही."

"ते कळलं मला. फोनवर सांगणारच होते."

"मग सांगायचं की!"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना वन्सं."

मी तिला म्हटलं, "चल बाहेर."

बाहेर ओसरीत हळदीची तयारी चालली होती. पाहुणे होते, माधव होता, श्रद्धा पिवळी होऊन पाटावर बसली होती. मी राजेश्रीला दुसऱ्या पाटावर बसवलं आणि कुंकवाचा करंडा मागितला. साडीचा कोपरा हातात घेतला तर तिथे बोट टेकवायला जागा नव्हती. म्हणून दुसरा कोपरा उलगडला. कोरा होता. तिथे एक ठिपका लावला आणि साडी तिच्या हातात दिली.

"ही तुझी," मी म्हटलं. "देण्याघेण्याची नाही. नेसायची."

माधव कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाला, "अक्का!" एवढ्यात नागेश नावाचा व्हिडिओवाला गर्दीतून पुढे आला. दाढी, गॉगल, हातात केवढा तरी कॅमेरा.

"मॅडम, सॉरी, सॉरी! फोकस गेला होता. परत एकदा द्या ना. काकू, तुम्ही साडी मॅडमकडे परत द्या. मॅडम, तुम्ही हसून द्यायची. काकू, तुम्ही हसून घ्यायची. ओके?"

मी शिस्तीत वाढलेली बाई. कुणी सूचना दिली की पाळते. मी हात पुढे केला.

राजेश्रीने साडी छातीशी धरली.

"अगं, शॉटपुरती," मी म्हटलं.

"नाही देणार."

"काकू, दोन सेकंद. लगेच परत मिळेल."

"नाही म्हटलं ना."

"दे की गं," माधव म्हणाला. "अक्काच आहे ती. कुठे पळून जाणार आहे?"

"मी हातातून सोडणार नाही, वन्सं," राजेश्री माझ्याकडे बघत म्हणाली. ती हसत होती. "तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. शूटिंग झालं नाही तर नाही झालं." आणि साडी तशीच छातीशी धरून उठली, मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

बायका हसायला लागल्या. श्रद्धा पाटावरून ओरडली, "आई, शाबास!" नागेश कॅमेरा हातात धरून गोंधळून उभा. "आता काय घेऊ?" त्याने विचारलं. दत्तराव त्याच्या शेजारीच होते. त्यांनी त्याचं कोपर धरलं आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला.

मी दोघांनाही झापणार होते. प्रसंग घडतो आहे तिकडे, बंद दारामागे, आणि हे माझं तोंड काय काढतायत? शिवाय होमाचा नव्हे तरी कसला तरी धूर होता, आणि माझे डोळे पाणावले होते. पण मी आधी चष्मा काढून पुसला. आणि थोड्या वेळाने मागच्या खोलीची कडी निघाली. दारात आधी मोहरी रंगाचा काठ दिसला, मग ती साडी नेसलेली राजेश्री.